शाळेच्या टीव्हीवर काय दिसावे, हे कोणी ठरवायचे?

खानदेशातल्या अनेक जिल्हा परिषद शाळांमध्ये लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही आले, याचा गावांना रास्त अभिमान आहे. मात्र त्या टीव्हीला इंटरनेट बऱ्याचदा गुरुजींच्या किंवा बाईंच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून मिळते आणि यूट्यूबही त्यांच्याच खात्यावरून चालते. चोपडा तालुक्यातल्या एका वर्गात जलचक्राचा व्हिडिओ संपल्यावर पडद्यावर पुढच्या व्हिडिओंची यादी आली, तेव्हा पहिल्या रांगेतल्या मुलीने त्यातल्या खुनाच्या बातमीचे शीर्षक अक्षरे जुळवत मोठ्याने वाचले. बाईंनी लगेच टीव्ही बंद केला. त्यांना दोष देण्याचे काही कारण नाही, कारण शाळेसाठी वेगळे खाते असावे असे त्यांना कोणी सुचवलेच नव्हते.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. पण खाते शिक्षकाच्या नावाचे असेल, तर समोर चौथीचा वर्ग बसला आहे हे कंपनीला कळणार कसे? म्हणून शाळेचे स्वतंत्र खाते, त्यात यूट्यूबचा प्रतिबंधित मोड (मुलांना न शोभणारे बरेचसे व्हिडिओ लपवणारी सोय) आणि टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून क्लाउडफ्लेअर या कंपनीचा 1.1.1.3 हा मोफत पत्ता, एवढे तरी प्रत्येक शाळेने करावे. तो पत्ता अश्लील आणि घातक संकेतस्थळे उघडू देत नाही. मात्र डीएनएसला फक्त संकेतस्थळाचे नाव कळते, आतले पान कळत नाही; त्यामुळे यूट्यूबवरचा एखादाच व्हिडिओ त्याला वेगळा काढून अडवता येत नाही.

ठरावीक शब्द दिसले की पान अडवणाऱ्या, म्हणजे शब्दांच्या यादीवर चालणाऱ्या गाळणीबद्दल (फिल्टरबद्दल) मला अधिक काळजी वाटते. इंग्रजीसाठी बनवलेल्या अशा यादीला अहिराणीतली शिवी ओळखता येत नाही, आणि तीच यादी स्तनाच्या कर्करोगाची किंवा किशोरवयातल्या शरीरबदलांची माहिती मात्र अडवू शकते. सातवी-आठवीच्या मुलीला मासिक पाळीविषयी विश्वासार्ह माहिती शाळेत मिळाली नाही, तर ती जिथे मिळेल तिथे शोधेल. म्हणून काय बंद ठेवायचे आणि अडलेले पान कोणी, किती लवकर उघडून द्यायचे, हे शाळा व्यवस्थापन समितीने ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा हा अधिकार त्यांनी हक्काने वापरावा.

शाळेतली कोणतीही गाळणी घरच्या मोबाइलपर्यंत पोहोचत नाही, आणि अनोळखी माणसाने गोड बोलून मागितलेला फोटो तर कोणत्याच यादीत सापडत नाही. असे घडले की फोन काढून घेतील, या धास्तीने मूल गप्प बसते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67-ब नुसार मुलांचे लैंगिक चित्रण प्रसारित करणे गुन्हा आहे, आणि अडचणीतल्या मुलांसाठी 1098, तर ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी 1930 हे मदत क्रमांक आहेत. ते वर्गाच्या भिंतीवर रंगवावेत. पालक सभेत ते मराठीबरोबरच अहिराणीत, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात पावरा आदिवासींच्या पावरी बोलीतूनही समजावून सांगावेत. आणि जे मूल येऊन सांगेल त्याचा फोन काढून घेणार नाही, असा शब्द त्याच सभेत पालकांकडून घ्यावा.