सारखे ढेकर आणि गिळलेली हवा

आमच्या विदर्भातल्या खेड्यांत पोटाच्या बहुतेक तक्रारींना ‘गॅस’ हे एकच नाव आहे. त्यामुळे ज्याला दिवसभर ढेकर येतात, त्याच्या ताटातून आधी तुरीचे वरण, मग वांगे आणि शेवटी चूनही (बेसनाचे पिठले) काढून घेतले जाते. माझ्या मोठ्या आईचे असेच झाले. वरण सुटले, ओवा सुरू झाला, तरी ढेकर थांबेनात. ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांनी तपासून एवढेच विचारले, की झोपेत ढेकर येतात का. झोपेत ते येत नव्हते, आणि कापूस वेचताना बायांशी गप्पा रंगल्या की तेव्हाही थांबत असत. म्हणजे ते खाण्यामुळे नव्हे, नकळत जडलेल्या सवयीमुळे येत होते.

डाळींचा न पचलेला अंश मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात, तेव्हा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. हा वायू बहुतांशी खालच्या वाटेने जातो. ढेकरातून येते ती मुख्यतः बाहेरचीच, तोंडावाटे आत गेलेली हवा. प्रत्येक घोटाबरोबर थोडी हवा सगळेच गिळतात, परंतु घाईने जेवणारा, जेवताना बोलणारा किंवा काळजीने सारखा आवंढा गिळणारा माणूस ती फार गिळतो. पुष्कळदा तर ही हवा जठरापर्यंत पोहोचतही नाही. अन्ननलिकेत ओढली जाते आणि लगेच बाहेर पडते. “एक ढेकर निघाला का बरं वाटते,” असे मोठी आई म्हणायची, आणि तो काढण्यासाठी मान पुढे करून नकळत पुन्हा हवा आत घ्यायची. सोड्याच्या पुडीनेही असाच भास होतो, कारण ती पाण्यात विरघळताना स्वतःच कार्बन डायऑक्साइड सोडते.

म्हणून पथ्य पदार्थांपेक्षा सवयींचे हवे. वावरात धुऱ्यावर बसून भराभर भाकर संपवणे, गडव्याने वरून पाणी ओतून गटागटा पिणे, बशीतला कढत चहा फुरके मारत घेणे, या सर्वांत हवा आत जाते. सुपारी किंवा खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) चघळताना लाळ सुटते आणि तिच्याबरोबर हवाही गिळली जाते. खर्रा सोडण्याची कारणे याहून कितीतरी गंभीर आहेत, तरी हेही एक आहे. सैल कवळी आणि चोंदलेले नाक यांवर उपचार करून घ्यावेत.

मला सर्वांत मोलाचा वाटला तो श्वासाचा अभ्यास. बाजेवर उताणे पडून एक हात छातीवर व एक पोटावर ठेवावा, जीभ वरच्या दातांमागे टेकवून ओठ किंचित उघडे ठेवावेत, आणि छातीवरचा हात स्थिर राहून पोटावरचा वर उचलला जाईल असा संथ श्वास घ्यावा. तोंड उघडे असताना हवा गिळणे अवघड जाते, आणि पोटाने श्वास चालू असताना अन्ननलिकेत हवा ओढण्याची ती क्रियाच मोडते. ढेकर येणार असे वाटताच हेच बसल्या जागी करायचे असते. सवय जुनी असल्याने आठवडे लागतात. मोठ्या आईलाही लागले, पण आता ती वरण खाते.

मात्र ढेकरांबरोबर वजन घटत असेल, घास अडकत असेल, रक्ताची उलटी किंवा काळी शौच होत असेल, तर तपासणी टाळू नये. छातीत दाब येऊन घाम फुटला किंवा वेदना हातात, जबड्यात गेली, तर ‘गॅस असेल’ म्हणून ओवा चघळत न बसता तत्काळ १०८ वर फोन करावा.