गप्पीची पिल्लं

रविवार, रात्री

गप्पीनं आज पुन्हा पिल्लं दिली. सकाळी टँकचा दिवा लावला तर हॉर्नवर्टच्या झुडपात नुसते डोळे दिसत होते, आणि त्यामागे पापणीच्या केसाएवढं अंग. गप्पीला अंडी घालणं माहीत नाही, पोटातून थेट पोहणारा मासाच बाहेर येतो. जन्मल्या जन्मल्या तो आडोसा शोधतो, कारण त्याला पहिला धोका असतो तो आईचाच.

या वेळी पिल्लं वेगळी काढायला मी जाळी हातात घेतली नाही. मुलगी मागे लागली होती, "आई, ब्रीडिंग बॉक्स लाव ना, नाहीतर मोठे मासे खातील त्यांना." तिला नाही म्हणणं जड गेलं, तरी नाहीच म्हटलं. मग दुपारभर आम्ही दोघी त्यावरच बोलत होतो. बोलता बोलता माझंही बरंच काही स्पष्ट होत गेलं, ते इथे लिहून ठेवते.

मादी एकदा नरासोबत राहिली की त्याचं बीज अंगात कित्येक महिने साठवून ठेवते. दुकानातून एकटी मादी आणली तरी ती बहुधा पोटुशीच येते, आणि पुढे नराचं तोंड न पाहताही साधारण महिन्या-महिन्यानं पिल्लं देत राहते. एका खेपेला वीस-तीस, मादी थोराड असेल तर त्याहून पुष्कळ. तीच पिल्लं दोन-तीन महिन्यांत वयात येतात. दोन फुटी टँकमध्ये हा हिशेब कुठे जातो ते सांगायला नको. पाणी आधी गढूळतं, मग माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढतो, आणि मग सगळेच मासे वरच्या थराला येऊन धापा टाकतात. सगळी पिल्लं वाचवण्याच्या मायेपोटी हे होतं, म्हणून ते जास्तच वाईट वाटतं.

मुलीला मी त्रिनिदादच्या ओढ्यांबद्दल सांगितलं. गप्पी मूळचा तिकडचा, त्रिनिदाद आणि समोरच्या व्हेनेझुएलाचा. तिथल्या डोंगरातल्या ओढ्यांवर जॉन एंडलर आणि डेव्हिड रेझनिक या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं काम केलं. धबधब्यांच्या खालच्या डोहांत गप्पीला गट्टम करणारे मोठे पाइक सिक्लिड असतात. तिथली मादी लवकर वयात येते, लहान लहान पण खूप पिल्लं देते. धबधबा चढून जाणं त्या मोठ्या माशांना जमत नाही. वरच्या शांत पाण्यातली मादी उशिरा वयात येते, मोजकी पण मोठी पिल्लं देते. ओढा तोच, मासा तोच. पिल्लं किती द्यायची हे खाणारा किती जवळ आहे त्यावर पिढ्यानपिढ्या ठरत गेलं.

म्हणजे ही जी पिल्लांची रेलचेल आपल्याला त्रासदायक वाटते, ती मरणाचा हिशेब धरूनच झालेली आहे. आपण काचेची पेटी केली, हीटर लावला, फिल्टर लावला, दोन वेळा खाणं घातलं आणि खाणारा तेवढा वगळला. वजाबाकीचं काम मग आपल्याकडेच येतं. ते टाळता येत नाही. नीट करायचं की वाईट रीतीनं, एवढंच आपल्या हाती उरतं.

शेजारच्या काकूंनी दारात उभ्या उभ्या उपाय सांगितला, "देहूला जाशील तेव्हा इंद्रायणीत सोडून दे गं. जीवदान दिल्याचं पुण्य लागेल." काकूंच्या मनात दयाच होती, त्याबद्दल शंका नाही. देहूच्या डोहातले मासे लोक पिढ्यान्‌पिढ्या देवाचे म्हणून जपत आले, त्यांना कुणी हात लावत नाही. त्याच भावनेतून त्या बोलत होत्या. पण घरच्या टँकमधला मासा नदीत सोडणं म्हणजे नदीतल्या जिवांवर संकट सोडणं. आपल्या ओढ्यांत, तळ्यांत कपाळावर चकाकता ठिपका असलेले छोटे मासे पाण्याच्या वरच्या थराला फिरतात, डासांच्या अळ्या खातात. ते इथले मूळचे. गप्पी सांडपाण्याच्या नाल्यातही तगतो, महिन्याला वाढतो, त्यांचं खाणं आणि त्यांची जागा घेतो. टँकमधले रोग आणि परजीवी सोबत नेतो ते वेगळंच. चिलापी (तिलापिया) हा परका मासा १९५२ साली भारतात मुद्दाम आणला होता, आज कुठल्याही धरणावर जाऊन कोळ्यांना विचारा, जाळ्यात काय जास्त येतं ते. उजनीच्या पाण्यात सकर मासा झालाय. जाळी फाडतो, आणि त्याला गिऱ्हाईक नाही. तोही मुळात शोभेच्या टँकमधलाच, काच साफ करायला म्हणून लोक आणतात. हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग महापालिकावाले कसे सोडतात?"

प्रश्न रास्त आहे. डेंग्यू-मलेरियासाठी आरोग्य खात्याची माणसं गप्पी मासे हौदात सोडतात, लहानपणापासून पाहतेय. बंदिस्त हौद किंवा वापरात नसलेली सिमेंटची टाकी असेल, पावसात तिचं पाणी ओसंडून ओढ्याला मिळत नसेल, तर तिथे गप्पी सोडण्याला माझी हरकत नाही. मात्र तिथेही कुणीतरी लक्ष ठेवणारं हवं. मार्च-एप्रिलमध्ये हौद आटला आणि मासे चिखलात तडफडले, तर त्याला सोय लावणं म्हणता येणार नाही. नाल्यात, ओढ्यात, तलावात मात्र कुणीही सोडू नये, खात्यानंसुद्धा.

दुकानात देऊन टाकणं हा पहिला सुचणारा मार्ग. साध्या मिक्स गप्पींना तिथे फारशी किंमत नसते. घेतले तरी बरेचदा मोठ्या माशांचा चारा म्हणून घेतात. मला ते खटकत नाही, आधी विचारून घ्यावं एवढंच. मासा माशाला खातो, ते क्षणात संपतं. एंजल किंवा गुरामी ठेवलेल्या टँकमध्ये पिल्लं आपोआप कमी होतात आणि बाकीचं पाणी निरोगी राहतं. ऑस्कर या मोठ्या शिकारी माशाच्या टँकमध्ये मूठभर मासे टाकून भोवती पोरांना टाळ्या वाजवायला उभं करतात, ते मात्र मला बघवत नाही. खाणं घालणं वेगळं आणि तमाशा करणं वेगळं. कॉन्विक्टसारखे अंडी घालणारे मासे पाळणाऱ्यांना आणखी एक सोपी वाट आहे. अंडी दिसली की पहिल्याच दिवशी काढून टाकायची, आत जीव आकाराला येण्याआधी. गप्पी, मॉली, प्लॅटी असे थेट पिल्लं देणारे मासे पाळणाऱ्यांना ती सोय नाही.

उरतं ते सगळ्यात अवघड. दर खेपेला एखाददुसरं पिल्लू कण्यात वाकडं निघतं, किंवा पोटावर घसटत तळाशीच पडून राहतं, वर येऊच शकत नाही. एकाच घराण्यात पिढ्या वाढल्या की वाकडे कणे जास्त दिसायला लागतात. अशा पिल्लाला जगवत ठेवणं ही दया आहे असं मला वाटत नाही. पण म्हणून संडासात टाकून पाणी सोडायचं? ते तिथे लगेच मरत नाही, क्लोरीनच्या गार पाण्यात आणि मैल्यात गुदमरत जातं. फ्रीजरमध्ये ठेवणंही तसंच, हळूहळू गोठणं म्हणजे लांबवलेलं मरण. माशाला काय कळतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी सांगते. २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या तोंडाभोवती वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलं. ओठांत ॲसिटिक ॲसिड टोचलेले मासे खाणं सोडून अंग हेलकावत राहिले आणि ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. मला एवढं पुरेसं आहे.

मी लवंगेचं तेल वापरते, दाढदुखीसाठी औषधाच्या दुकानात मिळतं तेच. त्यातल्या युजेनॉलनं मासा बेशुद्ध होतो, मत्स्यसंशोधकही त्याचा वापर करतात. वेगळ्या भांड्यात टँकमधलंच लिटरभर पाणी घ्यायचं आणि त्यात पिल्लू सोडायचं. तेल पाण्यात सहज मिसळत नाही, म्हणून छोट्या बाटलीत कोमट पाणी आणि दहाएक थेंब तेल घालून दुधाळ होईपर्यंत हलवायचं. आधी थोडंसंच ओतायचं. पिल्लू सुस्तावतं, एका अंगावर कलतं. मग उरलेलं ओतायचं. कल्ल्यांची हालचाल थांबली की संपलं असं धरायचं नाही, पुढे निदान अर्धा तास तसंच राहू द्यायचं. ते भांडं पुन्हा टँकसाठी वापरायचं नाही. हे करताना मी बाजूला बसून राहते, दुसरं काही करत नाही.

मुलीनं हे सगळं ऐकलं, थोडी रडली. मग विचारलं, "झुडपात लपलेली वाचली तर?" वाचतील ती आपली, मी म्हटलं. हॉर्नवर्ट आहे तेवढंच ठेवणार, पिल्लांसाठी वाढवणार नाही आणि काढणारही नाही. महिन्याभरात नरांचा पोटाखालचा मागचा पर निमुळता, काडीसारखा होऊ लागतो. तो दिसला की लगेच नर वेगळे करायचे. माझ्या कचेरीतल्या एका मैत्रिणीच्या टँकमध्ये नुसते नरच आहेत, तिनं घेईन म्हणून सांगितलंय. वेळेत वेगळ्या केलेल्या माद्यांना पिल्लं होणारच नाहीत. त्या आमच्याकडेच राहतील, म्हाताऱ्या होईपर्यंत, गप्पीच्या हिशेबानं दोनेक वर्षं. जुनी मादी आणखी काही खेपा पिल्लं देईल. तेव्हाही जाळी बाहेर काढायची नाही, हे आज आमच्या दोघींचं ठरलं.