कुलरची हवा आणि कानामागचं हाड

मे महिन्यात नागपुरात कुणाचं तोंड वाकडं झालं की पहिला आरोपी कुलर. काटोलकडच्या काकू आल्या तेव्हा त्या खुर्चीत टेकायच्या आधीच मुलाने निकाल दिला, "मॅडम, आई रात्रभर कुलरसमोर झोपली नं, हवा लागली." शेजाऱ्यांनी तर थेट लकवाच ठरवला होता.

मी म्हटलं, काकू, भुवया वर करा. उजवी हलेना. उजवा डोळाही पुरता मिटेना. मेंदूच्या झटक्यात बहुतेक वेळा कपाळाला आठ्या पडतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. इथे कपाळासकट अख्खी बाजू गेलेली. म्हणजे बिघाड मेंदूत नाही, तिथून निघालेल्या नसेत. मग मी कानाचं विचारलं.

"तो तं लहानपणापासूनच वाहते. त्याचं काय एवढं?"

महालातल्या माझ्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकते. लोकांच्या लेखी कान म्हणजे बाहेरची पाळी आणि आतला मळ. त्यामागे टेम्पोरल बोन नावाचं एक हाड आहे आणि त्यात गर्दी किती, हे कुणाच्या गावी नसतं.

माझ्याही नव्हतं. पहिल्या वर्षी सीनियरकडून हाडांचा सेट घेतला, त्यातल्या टेम्पोरलची स्टायलॉइड, म्हणजे खाली लोंबणारी दोन-अडीच सेंटिमीटरची सुई, तुटलेली. फेव्हिकॉलने चिकटवली, तीही वाकडी. तोंडी परीक्षेत सरांनी हाड हातात दिलं, "कुठल्या बाजूचं?" गालाकडे जाणारा दांडा पुढे, कानामागचा उंचवटा मागे-खाली, पातळ पापुद्रा वर; इतकं धरलं की झालं. मी हाड उलटं धरलं आणि छातीठोकपणे चुकीची बाजू सांगितली.

त्या सुईच्या बुडाशी, कानामागचा उंचवटा म्हणजे मास्टॉइड सुरू होतो तिथे, एक बारीक भोक आहे. चेहरा हलवणारी फेशियल नर्व्ह तिथून बाहेर पडते. त्याआधी ती या हाडातल्या बोळातून सुमारे ३ सेंटिमीटर वळणं घेत येते, स्टेपीस या जेमतेम ३ मिलिमीटरच्या हाडाच्या अगदी डोक्यावरून. बोळ अरुंद, भिंत कागदासारखी. कानाच्या छताचा पत्रा तितकाच पातळ, त्याच्यावर लगेच मेंदू. मागच्या अंगाला मेंदूचं रक्त खाली नेणारी मोठी शीर. महालातल्या जुन्या वाड्यांत शेजाऱ्याचा खोकला भिंतीतून ऐकू येतो ना, तसा शेजार.

काकूंच्या कानात कोलेस्टिॲटोमा होता. नाव भारदस्त, वस्तू साधी: नको त्या जागी वाढलेली कातडी. तिचे पापुद्रे साचत जातात, घाण वास येतो, आणि ती हळूहळू हाड खाते. फारसं दुखत नाही, हीच तिची लबाडी. सीटी स्कॅनमध्ये बोळाची भिंत खाल्लेली दिसली. छत शाबूत होतं, नशीब.

ऑपरेशन लांबवलं नाही. मास्टॉइड घासताना पाणी सतत सोडावं लागतं, नाहीतर ड्रिलच्या उष्णतेने नर्व्ह भाजते. हाड पातळ होत गेलं की मागची शीर निळसर झळकू लागते, तेव्हा हात आपोआप हलका होतो. मग मऊ, मोत्यासारखी पांढरी ती कातडी निघाली आणि तिच्याखाली, सुजलेली, लालसर नर्व्ह.

(आदल्या संध्याकाळी काकूंच्या उजव्या कानामागे पेनाने खूण केली होती. दोनदा तपासून. ती परीक्षा विसरलेली नाही.)

चेहरा परतायला काही महिने गेले. आधी गालाला किंचित हालचाल, मग डोळा मिटायला लागला. दिवाळीनंतर तपासणीला आल्या तेव्हा हसणं जवळजवळ सरळ होतं.

"मॅडम, एक विचारू? पुढच्या उन्हाळ्यात कुलरसमोर झोपू नं?"

"खुशाल झोपा. आंघोळीच्या वेळी मात्र कानात व्हॅसलीन लावलेला कापूस घाला."

मुलगा मागून पुटपुटला, "तरी बी कुलर जरा दूरच ठेवतो मी."