पाम्पा गालेरासचा चाक्कू: ठाण्याहून जाणाऱ्यांसाठी

पेरूला गेलेले बहुतेक जण माचू पिक्चू बघून परततात. रानातला विकुन्या (उंटाच्या कुळातलं, अँडीजच्या माळांवरचं छोटं जनावर) आणि त्याची लोकर कशी उतरवतात हे बघायचं असेल, तर २४ जूनला पाम्पा गालेरास हे अभयारण्य गाठा. जवळच्या लुकानास गावचे लोक त्या दिवशी चाक्कू करतात, म्हणजे कळप घेरून लोकर उतरवतात. रंगीत फिती बांधलेली लांबच लांब दोरी धरून माणसं माळभर साखळी करतात आणि कळप जाळीच्या वाड्याकडे वळवतात. पाहुण्यांनाही दोरी धरू देतात. चालायचं सावकाश, साखळी तुटू द्यायची नाही.

वाड्यात लोकरीची लांबी बघतात. आखूड असली की जनावर तसंच सोडून देतात. बाकीच्यांना दोघे-तिघे धरतात, पाठीची-कुशीची लोकर मशीनने उतरवतात आणि विकुन्या माळावर सुसाट. एका जनावराची मिळते जेमतेम दोन-अडीचशे ग्रॅम, तीही साधारण दोन वर्षांनी एकदा. तंतू १२-१३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पेरूच्या जुन्या इंका राज्यकर्त्यांच्या वेशातला सोहळा लांबतो. मला विचाराल तर तो सोडून कातरणीपाशी उभे राहा.

१९६० च्या दशकात शिकारीमुळे पेरूत काही हजारच विकुन्या उरले होते. १९६७ साली हे अभयारण्य झालं, आणि १९९५ च्या कायद्याने लोकरीचा हक्क गावांना दिला. आज देशात दोन लाखांवर विकुन्या आहेत. आपल्याकडच्या शहातूश शालीला हा मार्ग नाही, कारण तिच्या लोकरीसाठी चिरू या तिबेटी हरणाला मारावंच लागतं. अर्थात गावाच्या हाती पडतं ते दुकानातल्या किमतीपुढे फार थोडं, हेही खरं.

आता कामाचं. मुंबईहून लिमाला थेट विमान नाही. यलो फीव्हरची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या, परतताना दाखला मागतात. लिमाहून बसने नाझ्का, तिथून घाटाने सुमारे ९० किलोमीटर. नाझ्का जेमतेम पाचशे मीटर उंचीवर आणि माळ ४००० मीटरवर, त्यामुळे विरळ हवेने डोकं धरतं. त्यावरच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा. जून म्हणजे तिथला हिवाळा, येऊरच्या थंडीचा स्वेटर पुरणार नाही. शाकाहारींनी चिकनलाही वेगळं नाही म्हणायचं, नाहीतर ताटात येतं. बटाटे, मका, चीज सगळीकडे मिळतं.

शेजारच्या काकूंनी विकुन्याची शाल मागवली असेल तर आधीच सांगून टाका, मफलरसुद्धा लाखाच्या घरात जातो. घेतलाच तर कापडावर 'विकुन्या' आणि देशाचं नाव असलेली अधिकृत खूण बघून घ्या आणि बिल हातातल्या बॅगेत ठेवा.