आजारी पडायच्या आधी आजी काय काय करत होत्या?

हॉस्पिटलमधून घरी आलेल्या वयस्कर पेशंटकडे फिजिओथेरपीसाठी पहिल्यांदा जाते, तेव्हा फाइल मी नंतर उघडते. आधी घरच्यांना विचारते, आजारी पडायच्या पंधरा दिवस आधी यांचा दिवस कसा जायचा? आपले आपण उठायचे का? आंघोळीला कुणी लागायचं का? गोळ्या स्वतः घ्यायचे की काढून द्याव्या लागायच्या? फाइलमध्ये रक्ताचे रिपोर्ट असतात, एक्स-रे असतो, सोनोग्राफी असते. हे मात्र बहुतेक वेळा कुठेच लिहिलेलं नसतं.

पंधरा दिवस उगाच म्हणत नाही. कॅनडातल्या केनेथ रॉकवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये म्हातारपणातली जर्जरता मोजायची एक सोपी श्रेणी मांडली. आधी तिच्यात ७ पायऱ्या होत्या, आता ९ आहेत. ती वापरताना पेशंट आज खाटेवर कसा दिसतोय ते धरायचं नसतं, आजारपणाच्या साधारण दोन आठवडे आधी तो कसा होता ते धरायचं असतं. तापाने फणफणलेलं माणूस कुठल्याही वयात गलितगात्रच दिसणार. त्याला तसाच समजून चाललं, की पुढचे सगळे निर्णय चुकीच्या जागेवरून सुरू होतात.

जर्जरता म्हणजे नुसतं वय नव्हे. पंच्याऐंशीचे काही जण न्यूमोनियातून उठून पुन्हा चालायला लागतात आणि सत्तरीतलं एखादं माणूस लघवीच्या साध्या इन्फेक्शनने किंवा एका नव्या गोळीने पार कोलमडतं. शरीरातली शिल्लक संपत आलेली असते, एवढाच फरक. म्हणून अशा माणसाला आजाराइतकंच आजारपणातल्या पडून राहण्याला जपावं लागतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चांगल्या धडधाकट वयस्कर लोकांना १० दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस जवळपास एक किलोने घटलं. मग आधीच अशक्त असलेल्यांचं काय होत असेल?

एका आजींकडे गेले होते. न्यूमोनिया बरा झाला होता, छाती स्वच्छ होती, डॉक्टर समाधानी होते. पण आजींना उभं राहता येत नव्हतं. सूनबाईंना विचारत गेले तसं सगळं उलगडत गेलं. भरती करताना लघवी मोजायला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला, तो राहिलाच. कॅथेटर आहे म्हणून बाथरूमपर्यंत जाणं बंद. पडतील म्हणून खाटेचे कठडे वर. चष्मा आणि कानाचं मशीन हरवायला नको म्हणून घरी पाठवलेलं. रात्री ना धड दिसतंय ना ऐकू येतंय, त्यात अनोळखी खोली. आजी बरळायला लागल्या, सलाईन ओढून काढलं. म्हणून झोपेचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी त्या गुंगीत, जेवण नाही, पाणी नाही. यातली एकही गोष्ट कुणी वाईट हेतूने केली नव्हती. सिस्टरच्या हाताखाली वॉर्डभर पेशंट असतात, तिच्यावर मी कसा राग धरू? पण या साखळीची जवळजवळ प्रत्येक कडी टाळण्यासारखी होती.

हे मी मनाचं सांगत नाही. अमेरिकेत डॉ. शॅरन इनोये यांनी ७० वर्षांवरच्या ८५२ पेशंटांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. ज्यांना चष्मा आणि श्रवणयंत्र दिलं, पाणी पाजलं, लवकर चालवलं, रात्री औषधाविना झोपू दिलं, आज कुठला वार आहे, आपण कुठे आहोत हे वरचेवर सांगितलं, त्यांच्यात भ्रम होण्याचं प्रमाण ९.९ टक्के राहिलं. नेहमीची सेवा मिळालेल्यांत ते १५ टक्के होतं. यातल्या कशालाच महागडं यंत्र लागत नाही, माणूस लागतो.

आजींना खुर्चीतून उठवायचं होतं. त्या पाय पुढे पसरून, पाठ मागे टेकवून हातांनीच जोर लावत होत्या आणि सूनबाई काखेत हात घालून वर ओढत होत्या. मी सूनबाईंना बाजूला व्हायला सांगितलं. "आजी, आधी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून बसा. आता टाचा मागे घ्या. पुढे वाका, अजून वाका, नाक पायाच्या अंगठ्याच्या वर आलं पाहिजे." पुढे तोंडावर पडू ही भीती त्यांच्या मानेत दिसत होती. मी समोर बसले, हात त्यांच्या खांद्यांजवळ धरले, पण आधार दिला नाही. बूड खुर्चीवरून इतकंसं सुटलं आणि त्या परत बसल्या. पुरे होतं तेवढं. खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून बैठक उंच केली, तशा पुढच्या खेपेला उठल्या.

एकट्या फिजिओने मात्र हे सुटत नाही. लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये १९३५ मध्ये डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे जुनाट आजारांच्या ७००हून अधिक पेशंटांची जबाबदारी आली, त्यातले कित्येक खाटेला खिळलेले. त्यांनी एकेकाला नीट तपासलं आणि कित्येकांना उठवून घरी धाडलं. आज त्यालाच समग्र मूल्यमापन म्हणतात. डॉक्टर, नर्स, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा जमवून देणारे), समाजसेवक एकत्र बसून माणसाचा आजार, औषधं, चालणं, मन, घर आणि घरातली माणसं सगळं पाहतात आणि नंतर त्याचा पाठपुरावा करतात. कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात यावरचे २९ अभ्यास एकत्र तपासले गेले. हॉस्पिटलमध्ये असं मूल्यमापन झालेले पेशंट पुढच्या काही महिन्यांत जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता जास्त होती. माझ्या लेखी याहून मोठं यश नाही.

खरा खड्डा असतो तो डिस्चार्जनंतर. वॉर्डची जबाबदारी दारात संपते आणि घराजवळच्या डॉक्टरांना पत्ताच नसतो. वॉर्डात सुरू केलेली झोपेची गोळी घरी चालूच राहते, कारण ती बंद कुणी करायची हे ठरलेलं नसतं. उभं राहिल्यावर रक्तदाब घसरतोय का, हे कुणी बघत नाही. पेशंटला उचलून सूनबाईंची कंबर धरली, तर तीही कुणाच्या कागदावर येत नाही.

तुमच्या घरचं कुणी भरती असेल तर चष्मा, कानाचं मशीन, कवळी उशाशीच ठेवा, नाव लिहून. कॅथेटर अजून कशासाठी आहे, हे राउंडला रोज विचारा. डॉक्टरांच्या परवानगीने जेवण तरी खुर्चीत बसवून द्या. आणि घरी निघताना डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या, आजारपणाच्या पंधरा दिवस आधी काय जमत होतं, आज काय जमतंय, कुठली गोळी कधी थांबवायची आणि या आठवड्यात बघायला घरी कोण येणार. शेवटच्या ओळीत माणसाचं नाव आणि फोन नंबर असल्याशिवाय कागद हातात घेऊ नका.