उतरलेला आंबा

आज पेटीतल्या तळच्या थरातले चार हापूस दाबून बघितले आणि आईला फोनवर म्हटलं, "सडले गं." ती लगेच, "सडले की उतरलेत? वास घे आधी."

घेतला. गोड, पण किंचित आंबूस. देठाशी साल सुरकुतलेली, बोट टेकवलं की रुतत होतं. काळं कुठेच नाही. म्हणजे उतरलेले! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमची मुलं सरसकट 'खराब' म्हणून मोकळी होतात.

गंमत बघा, झाडावरून आंबा उतरवतात, मग आढीत 8-10 दिवस पिकला की खायचा, आणि राहून गेला की तोच आंबा 'उतरतो'. उन्हाळ्यात दुपारपर्यंत भाजीसुद्धा उतरते. (साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होतो तो दोष, वेगळा बरं का. तो वरून कळतच नाही, कापल्यावर दगा देतो.)

पिकायच्या आधीसाठी तर पाडाचा आंबा, गाभुळलेली चिंच असे झकास शब्द आहेत. पिकून पुढे गेलेल्यासाठी मला एवढा एकच आठवला.

दोन आंब्यांचा रस आटवायला ठेवलाय. उरलेले दोन आईच्या भाषेत 'पार उतरलेले', ते कुंडीत गेले.

तुमच्याकडे काय म्हणतात?