रिव्हेटवर थांबलेले बोट

इंग्लंडमधल्या डक्सफर्डच्या विमान-संग्रहालयातील हँगरमध्ये काढलेले, दुरुस्तीसाठी उघडलेल्या स्पिटफायरचे (दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान) फोटो आज शेजारच्या काकांना दाखवत होतो, तेव्हा उघड्या पंखाच्या पत्र्यावर त्यांचे बोट थांबले. “पत्रे जोडणारे हे रिव्हेट बघ, पत्र्याच्या पातळीत बसवलेत, हात फिरवलास तरी लागायचे नाहीत.”

काकांचे आयुष्य ओझरच्या कारखान्यात मिग जोडण्यात गेले.

1936 मध्ये प्रथम उडालेल्या या विमानाच्या चाचण्यांत सपाट रिव्हेटांवर वाटाण्याची डाळ चिकटवून, फुगीर रिव्हेटांमुळे वेग किती घटेल ते पाहिले होते, असे मी सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

मग हळूच म्हणाले, “आमचे मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाले. एखादे तरी कुणी असे उघडून, दुरुस्त करून पुन्हा उडवेल का रे?”

मला उत्तर देता आले नाही. तुम्हाला काय वाटते?